दहा बाय अकराच्या खोलीत गिटार : २५,००० रुपयांत स्टुडिओ मॉनिटर निवडण्याचं एक प्रकरण

पुण्यातल्या फ्लॅटमधली १० बाय ११ फुटांची खोली, उंची साडेनऊ फूट. खाली टाइल्स, एका भिंतीला लोखंडी कपाट, दुसरीला सिंगल बेड, सरकत्या काचांची एक खिडकी आणि कोपऱ्यात ढकललेलं ४ बाय २ फुटांचं टेबल. वादक नोकरी करणारा, त्यामुळे सराव रात्री साडेनऊनंतरच. त्याच्याकडे सिंगल कॉइल पिकअपची (तारांची थरथर पकडणाऱ्या एकेरी चुंबकी गुंडाळीची) इलेक्ट्रिक गिटार, पिकअप बसवलेली अकूस्टिक, एक डिस्टॉर्शन पेडल, लॅपटॉप आणि दोन इन-दोन आउटचा यूएसबी इंटरफेस (गिटार आणि स्पीकर लॅपटॉपला जोडणारी पेटी) आहे. ऐकायला २.१ चा कॉम्प्युटर स्पीकर संच, त्याचा सबवूफर टेबलाखाली कोपऱ्यात.

तक्रारी दोन. एक, इथे भरदार वाटणारं रेकॉर्डिंग मित्रांच्या फोनवर आणि गाडीत पातळ वाटतं. दोन, डिस्टॉर्शन लावलं की आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा होतो. त्यावर त्याने काढलेला तोडगा : आठ इंची वूफरच्या स्टुडिओ मॉनिटरची (आवाज न फुगवता ऐकवणाऱ्या स्पीकरची) जोडी. बजेट सगळं मिळून २५,०००.

दोन तक्रारी, दोन वेगळी कारणं

पहिल्या तक्रारीचं मूळ सबवूफरमध्ये आहे. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर तीन पृष्ठभागांना चिकटून वाजतो (दोन भिंती आणि जमीन), त्यामुळे खालचा आवाज फुगतो. वादकाला तो जास्त वाटतो, म्हणून तो मिक्समध्ये गिटारचा लो (खालचा आवाज) कापतो. फोनवर किंवा गाडीत तो फुगवटा नसतो, पण कापलेला लो कापलेलाच राहतो. मॉनिटर घ्यायचं खरं कारण हे आहे. जे रेकॉर्ड झालंय तेच, न फुगवता ऐकू यावं.

दुसऱ्या तक्रारीशी मात्र स्पीकरचा फारसा संबंध नाही, आणि इथेच बहुतेक गिटारवादकांचे पैसे वाया जातात. गिटार अँपच्या कॅबिनेटमधला स्पीकर वरचे सूर वाजवतच नाही. सेलेस्चन कंपनीच्या व्हिंटेज ३० या गिटार स्पीकरची छापील रेंज ७० ते ५,००० हर्ट्झ आहे. डिस्टॉर्शनमधून तयार होणारे ५,००० च्या वरचे तिखट सूर त्या कागदी कोनमध्येच मरतात, आणि आपण ज्याला ‘गिटारचा टोन’ म्हणतो त्यात या गाळणीचा मोठा वाटा असतो. स्टुडिओ मॉनिटर २०,००० हर्ट्झपर्यंत सरळ वाजतो. पेडल थेट इंटरफेसमध्ये आणि तिथून मॉनिटरवर, असं केलं तर ती गाळणीच निघून जाते. महागातला मॉनिटर आणला असता तर खरखर आणखी स्वच्छ ऐकू आली असती.

उपाय फुकटचा होता. गिटार इंटरफेसच्या ‘इन्स्ट्रुमेंट’ इनपुटला, पुढे संगणकात अँप सिम्युलेटर, म्हणजे अँपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर (न्यूरल अँप मॉडेलर मोफत मिळतो), आणि त्याच्या पुढे बारा इंची कॅबिनेटचा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे त्या कॅबिनेटच्या आवाजाचा ठसा असलेली फाइल). अँपची फाइल फक्त अँपची असेल तर आयआर वेगळा लोड करावाच लागतो. तो विसरला की पुन्हा तीच खरखर. आयआरच्या पुढे ईक्यूवर (वरचे-खालचे सूर कमीजास्त करायच्या सोयीवर) ८० हर्ट्झला लो कट आणि ७,००० च्या आसपास हाय कट. जुन्याच २.१ संचावर हे करून पाहिलं आणि दुसरी तक्रार जवळजवळ मिटली. म्हणून मॉनिटर निवडण्याआधी ही पायरी करून घ्यावी, नाहीतर दुकानात बसून ज्या दोषासाठी आपण स्पीकर नाकारतो तो दोष आपल्याच जोडणीचा असतो.

गिटार थेट मॉनिटरच्या मागच्या इनपुटला लावणं हाही नेहमीचा प्रयोग. पॅसिव्ह पिकअपला साधारण १ मेगओम इनपुट लागतो. मॉनिटरचा लाइन इनपुट १०-२० किलोओमच्या घरातला. आवाज बारीक येतो आणि वरची चमक जाते.

आठ इंच का नकोत

खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या लहरी उभ्या राहतात. हिशेब सोपा आहे : ३४३ ला अंतराच्या (मीटरमध्ये) दुपटीने भागायचं. ११ फूट म्हणजे ३.३५ मीटर, उत्तर ५१ हर्ट्झ. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, ५६ हर्ट्झ. साडेनऊ फुटांची उंची २.९० मीटर, ५९ हर्ट्झ. तीन आकडे एकमेकांना चिकटून आहेत, कारण खोली जवळजवळ घनाकृती आहे. आपल्या इमारतींमधल्या बऱ्याच बेडरूम अशाच असतात. ५० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात ही खोली स्वतःच घुमते. आठ इंची वूफर नेमका तो पट्टा जोरात वाजवतो, म्हणजे सबवूफर काढून त्याच्या जागी दोन सबवूफर आणल्यासारखं.

गिटारला त्या पट्ट्याची गरजही नाही. स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये सहावी तार मोकळी वाजवली तर E हा सूर, ८२.४ हर्ट्झ. ड्रॉप डी केली (ती तार उतरवून D ला लावली) तर ७३.४. सात तारांची गिटार असेल तर खालचा B ६१.७ वर जातो आणि तेव्हा विचार बदलावा लागतो. बेस गिटारचा E ४१.२ हर्ट्झ. या वादकाकडे सहा तारा आहेत, बेस आणि ड्रम बॅकिंग ट्रॅकमधून (साथीच्या तयार रेकॉर्डिंगमधून) येतात. ६०-७० हर्ट्झपासून वर प्रामाणिक वाजणारा स्पीकर त्याला पुरतो.

या खोलीची गिटारला होणारी खरी डोकेदुखी एक पायरी वर आहे. त्याच लहरींची दुप्पट घेतली की १०२, ११२ आणि ११८ हर्ट्झ मिळतात. पाचवी तार मोकळी वाजवली तर A म्हणजे ११० हर्ट्झ. खालचा G शार्प १०३.८, B फ्लॅट ११६.५. सहाव्या तारेवर चौथ्या पट्टीपासून (फ्रेटपासून) सहाव्यापर्यंत सरकलं की आवाज मोठा होतो, सातव्यावर पुन्हा जागेवर येतो. वादकाला हे माहीत होतं, पण तो दोष गिटारचा समजून त्याने पिकअपची उंची खालीवर करून पाहिली होती. गिटार हेडफोनवर ऐकली तर तिन्ही सूर सारखे. खोली आणि वाद्य यांतला दोष वेगळा काढायची ही सगळ्यांत स्वस्त तपासणी आहे.

म्हणून वूफर साडेतीन ते पाच इंच, एवढ्यावर आकार ठरला.

छापील आकडे वाचताना

खोक्यावरची फ्रिक्वेन्सी रेंज किती डेसिबलच्या घसरणीपर्यंत मोजली आहे हे पाहिल्याशिवाय तुलना करता येत नाही. यामाहा एचएस५ ची रेंज उणे १० डेसिबलला ५४ हर्ट्झ ते ३० किलोहर्ट्झ आहे. उणे ३ डेसिबलला तीच ७४ हर्ट्झ ते २४ किलोहर्ट्झ होते. जेबीएल ३०५पी मार्क टू वर मोठ्या अक्षरात ४३ हर्ट्झ दिसतो, तोही उणे १० चा. अधिक-उणे ३ डेसिबलला ४९ हर्ट्झ. कंपनी खोटं बोलत नाही, फक्त सोयीची ओळ पुढे करते. साडेतीन-चार इंची स्पीकरच्या खोक्यावर ६० किंवा ८० असा एकच आकडा असेल तर तो खालच्या टोकाचा अंदाज समजावा, तिथे पूर्ण ताकद मिळेल असं धरू नये.

वॅटच्या आकड्यावर वेळ घालवू नये. एका मीटरवरून ऐकायला या वर्गातली कुठलीही जोडी पुरून उरते.

पाहायचं ते वेगळंच. पहिलं, किंमत एका नगाची की जोडीची. एचएस५, ३०५पी, केआरके रोकिट ५ हे एकेक विकले जातात. प्रीसोनस एरिस ३.५, एडिफायर एमआर४, मॅकी सीआर३ जोडीने. ऑनलाइन यादीत किमतीने लावून पाहिलं की एक नग जोडीच्या शेजारी स्वस्त दिसतो. दुसरं, पोर्ट (पेटीतला खालचा आवाज बाहेर सोडणारं भोक) कुठे आहे. एचएस५ आणि ३०५पी ला तो मागे आहे, रोकिट ५ जी४ ला पुढे. तिसरं, भिंतीजवळ ठेवल्यावर लो कमी करायची सोय आहे का. एचएस५ वर रूम कंट्रोल आहे, ० / उणे २ / उणे ४ डेसिबल. ३०५पी वर बाउंडरी ईक्यू. चौथं, गिटारवादकासाठी महत्त्वाचं : आवाजाचा खटका हाताशी आहे की मागे, आणि पुढे हेडफोन जॅक आहे का. रात्री दहाच्या आसपास वाजवणाऱ्याला हे रोज लागतं.

३०५पी ची एक ख्याती आधीच सांगायला हवी. शांत खोलीत, जवळून ऐकताना त्याच्या ट्वीटरमधून (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरमधून) बारीक सूं ऐकू येते. मिक्सिंगमध्ये त्याने काही बिघडत नाही, पण रात्री अकूस्टिकचा हळू सराव करणाऱ्याच्या कानाला ती खटकू शकते. आवाज म्हणून ३०५पी या यादीत सगळ्यांत मोकळा आणि रुंद आहे, यात शंका नाही.

पैशांची वाटणी

निर्णय इथे झाला. २५,००० पैकी किती स्पीकरवर आणि किती स्पीकर नीट वाजावा म्हणून, हा प्रश्न आधी सोडवला. मर्यादा अशा ठरवल्या : मॉनिटरची जोडी १२,५००, बंद कपांचा हेडफोन ५,०००, दोन केबल १,२००, विटा, फरशी, रबर ३००, शोषक पॅनेल ३,५००, पंख्याचा नवा रेग्युलेटर ४००. बेरीज २२,९००, उरलेले २,१०० राखून. रेग्युलेटर या यादीत कशाला, ते पुढे येईल.

हेडफोनला पाचवा हिस्सा जाणं काहींना जास्त वाटेल. पण अकूस्टिक माइकने रेकॉर्ड करताना मॉनिटर बंदच ठेवावे लागतात, नाहीतर बॅकिंग ट्रॅक माइकमध्ये शिरतो किंवा फीडबॅक सुरू होतो. शिवाय निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. साडेनऊला सुरू झालेला सराव अर्ध्या तासात त्या हद्दीत जातो. म्हणजे या वादकाचा निम्मा वापर हेडफोनवरच होणार. बंद कपांचा, आवाज बाहेर न सांडणारा हेडफोन घ्यायचा, ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम२०एक्सच्या जातीतला.

या वाटणीत एचएस५ ची जोडी बसत नाही. ३०५पी ची जोडी घेतली तर बाकी सगळं काढून टाकावं लागतं. उरले एरिस ३.५ आणि एमआर४. दोन्हींत एक पेटी अँप असलेली आणि दुसरी तारेने जोडलेली, दोन्हींना पुढे खटका आणि हेडफोन जॅक, दोन्हींना बॅलन्स्ड इनपुट. एरिसचा वूफर साडेतीन इंची आणि छापील रेंज ८० हर्ट्झपासून. म्हणजे सहाव्या तारेचा E अगदी काठावर. एमआर४ चार इंची, ६० हर्ट्झपासून. निवड एमआर४ ची झाली. खोली याहून लहान असती किंवा फक्त अकूस्टिक वाजवायची असती तर एरिसवर समाधान मानायला हरकत नव्हती.

यूट्यूबवरच्या तुलना ऐकून ठरवण्याला अर्थ नाही. त्या आपण आपल्याच स्पीकरमधून ऐकत असतो. दुकानात जाणं शक्य असेल तर पेन ड्राइव्हवर तीन गोष्टी न्याव्यात : रोज ऐकण्यातलं एक गाणं, आपलीच आयआर लावलेली गिटार, आणि मोकळ्या सहाव्या तारेपासून बाराव्या पट्टीपर्यंत एकेक सूर वाजवलेलं रेकॉर्डिंग. शेवटचं सगळ्यांत उपयोगी. कुठला सूर उसळतो, कुठला गायब होतो ते लगेच कळतं. आवाज बोलण्याइतकाच ठेवायचा, कारण मोठा आवाज कुठलाही स्पीकर चांगला भासवतो.

टेबल, विटा आणि खुर्ची

टेबल कोपऱ्यात होतं. डावा स्पीकर दोन भिंतींना चिकटून, उजव्याच्या बाजूला दार. अशा मांडणीत डावीकडे लो फुगतो आणि मधला आवाज डावीकडे सरकतो. टेबल १० फुटी भिंतीच्या बरोबर मध्यावर आणलं, तोंड ११ फुटांच्या लांबीकडे. बेड त्यासाठी फिरवावा लागला.

स्पीकर टेबलाच्या दोन टोकांना, ट्वीटर ते ट्वीटर साडेतीन फूट. पुस्तकातला नियम समभुज त्रिकोणाचा : दोन स्पीकरमधलं अंतर तेवढंच प्रत्येक स्पीकरपासून कानाचं. गिटारवादकाच्या बाबतीत तो इथे फसतो. मिक्स करताना माणूस टेबलाला टेकून बसतो. वाजवताना मांडीवर गिटार, गिटारची मान डावीकडे बाहेर आलेली, त्यामुळे खुर्ची वीतभर मागे जाते आणि अंग थोडं तिरकं होतं. त्रिकोण मिक्सच्या बैठकीवर मापला तर सराव बाहेर बसून होतो आणि हेडस्टॉक (त्या मानेचं टोक) डाव्या स्पीकरला आपटतो तो वेगळाच. म्हणून आधी गिटार घेऊन बसायचं, आरामात वाजवता येईल अशी खुर्ची ठरवायची, तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावायची आणि मग स्पीकर त्या खुणेकडे वळवायचे. मिक्स करतानाही खुर्ची त्याच खुणेवर.

ती खूण समोरच्या भिंतीपासून सव्वाचार फुटांवर आली, म्हणजे लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर. आधी वादक खोलीच्या बरोबर मधोमध बसत होता. मधोमध ५१ हर्ट्झची लहर जवळजवळ शून्य असते आणि १०२ ची शिगेला. म्हणजे लो कमी आणि A च्या आसपासचे सूर मोठे, दोन्ही चुका एकाच खुर्चीत. सव्वा फूट पुढे सरकल्यावर १०२ चा उसळा कमी झाला. ११२ चा मात्र फारसा नाही, कारण तो रुंदीचा आहे आणि रुंदीच्या मध्यावर बसणं भागच आहे.

उंचीचा हिशेब : टेबल ७५ सेंटिमीटर, ट्वीटर पेटीच्या तळापासून सुमारे १७, बेरीज ९२. बसलेल्या माणसाचे कान ११५ च्या आसपास. स्पीकर टेबलावर तसाच ठेवला तर ट्वीटर छातीकडे वाजतो आणि आवाज टेबलावर आपटून कानात येतो. तयार स्टँडऐवजी प्रत्येक स्पीकरखाली दोन पक्क्या विटा आडव्या, कापडात गुंडाळलेल्या (१५ सेंटिमीटर), वर कडप्प्याचा तुकडा, कडप्प्यावर रबर मॅटचे चार चौकोन, पुढचे दोन दुहेरी, म्हणजे पेटी थोडी मागे कलते. पाच-सहा अंशांचा कल एका मीटरवर नऊ-दहा सेंटिमीटर उंची भरून काढतो. कडप्पा किचनचं काम करणाऱ्याकडे कापून उरलेला मिळतो. टेबल थरथरणं थांबलं, आणि त्याबरोबर टेबलावरच्या पेनस्टँडचा किणकिणाटही.

मागच्या भिंतीपासूनचं अंतर हा तडजोडीचा भाग. स्पीकरच्या तोंडापासून भिंत ज्या अंतरावर, त्याच्या चौपटीने ३४३ ला भागलं की परतणाऱ्या आवाजामुळे कुठे खड्डा पडतो ते कळतं. ३० सेंटिमीटरवर २८६ हर्ट्झ, ४५ वर १९०. दोन्ही ठिकाणी गिटारचं अंग आहे. पुरेसं लांब जायला या खोलीत जागाच नाही, म्हणून उलट केलं : पेटी भिंतीजवळ, मागे फक्त ६ सेंटिमीटर, तोंड भिंतीपासून साधारण २६ वर. खड्डा ३३० च्या आसपास गेला, जिथे जाड शोषक थोडं काम करतो. लो वाढला तो मागच्या खटक्याने एक खाच कमी केला.

शोषकाबद्दल : अंड्याच्या ट्रेसारखा पातळ फोम लावू नये. तो फक्त वरचे सूर खातो, खोली बोदी होते आणि घुमणारा A तसाच राहतो. सुताराकडून ४ बाय २ फुटांच्या दोन लाकडी चौकटी, आत १०० मिलिमीटर रॉकवूल (घनता ४८ किलो प्रति घनमीटर), वर सुती कापड. एक समोरच्या भिंतीवर आडवी, दुसरी कपाटासमोरच्या बाजूच्या भिंतीवर, आरसा सरकवत खुर्चीतून ट्वीटर दिसेल त्या जागी. रॉकवूल कापताना हातमोजे आणि मास्क लागतोच. कपाटाचं दार A वर खणखणत होतं. दाराच्या कडेला खिडकीची रबर पट्टी चिकटवली. कपाटावर कपड्यांच्या पिशव्या रचलेल्या असतील तर राहू द्याव्यात.

जोडणी आणि घूं

पहिल्या जोडणीतच बॅकिंग ट्रॅकमधला गायक गायब झाला. बेसही. फक्त कडेची गिटार आणि रिव्हर्ब उरली. कारण : इंटरफेसच्या हेडफोन जॅकमधून स्टिरिओ केबल काढून ती स्पीकरच्या एका बॅलन्स्ड इनपुटला लावली होती. बॅलन्स्ड इनपुट दोन तारांमधला फरक वाजवतो; त्या दोन तारांवर डावा आणि उजवा आवाज असेल तर दोन्हींत सारखं असलेलं, म्हणजे मधलं सगळं, वजा होतं. स्पीकर बिघडला म्हणून परत पाठवायची तयारी झाली होती.

योग्य जोडणी इंटरफेसच्या मागच्या डाव्या-उजव्या लाइन आउटमधून, दोन वेगळ्या केबलनी. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला केबल बनवून घेताना ‘पी-३८ स्टिरिओ ते पी-३८ स्टिरिओ’ असं मागायचं (पी-३८ म्हणजे गिटारला लागतो तो जाड जॅक). ‘पी-३८ मोनो’ म्हणजे गिटारची केबल. मोनो लावली तर आवाज येतो, पण अनेक इंटरफेसमध्ये ६ डेसिबलनी कमी आणि लॅपटॉपची किरकिर सोबत. लांबी दीड मीटर पुरते. एमआर४ वर मॉनिटर आणि म्युझिक असे दोन मोड आहेत. काम मॉनिटर मोडमध्येच करायचं, चुकून बदललेला मोड आठवडाभर लक्षात येत नाही.

मग घूं. ती कुठून येते हे एकेक वायर काढून शोधायचं. स्पीकरच्या इनपुट केबल काढल्या, शांत. म्हणजे स्पीकर निर्दोष. केबल लावून लॅपटॉपचा चार्जर काढला, अर्धी गेली. सगळं एकाच, अर्थिंग असलेल्या एक्स्टेंशन बोर्डवर घेतलं, आणखी कमी. घूं घालवण्यासाठी तीन पिनी प्लगची अर्थ पिन काढणं हा उपाय नाही. गिटारच्या तारा त्याच अर्थला जोडलेल्या असतात आणि त्यांवर आपला हात असतो.

उरली ती फक्त इलेक्ट्रिक गिटारवर, आणि तिची जात वेगळी, करकरीत. पंखा पूर्ण वेगात केला की कमी, मधल्या वेगात जास्त. गोल फिरणारे अखंड रेग्युलेटर वीज तुकड्यांत कापून पंख्याला देतात आणि सिंगल कॉइल पिकअप ते तुकडे पकडतं. खटाखट फिरणारा, कपॅसिटरवाला पायऱ्यांचा रेग्युलेटर बसवला आणि करकर गेली. चारशे रुपयांच्या या बदलाने जे झालं ते महागड्या केबलने झालं नसतं. आता उरलेली मंद ५० हर्ट्झची घूं गिटार लॅपटॉपपासून दोन फूट लांब धरून आणि अंग थोडं फिरवून कमी होते. तेवढी सिंगल कॉइलबरोबर येतेच. इन्व्हर्टरवर मात्र, तो साइन वेव्ह नसेल तर, रेकॉर्डिंग करू नये.

आवाज दुहेरी, पोकळ येत होता तो आणखी एका कारणाने : इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर (गिटार संगणकात न फिरवता थेट ऐकवणारी सोय) चालू आणि सिम्युलेटरही चालू. कोरडी गिटार लगेच, सिम्युलेटरची काही मिलिसेकंदांनी. डायरेक्ट मॉनिटर बंद, इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा विलंब कमी ठेवणारं सॉफ्टवेअर), बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल. ४८ किलोहर्ट्झला हे एका दिशेला २.७ मिलिसेकंद होतं. जाऊन-येऊन आणि बाकीचे विलंब धरून साधारण दहाच्या आत राहिलं तर बोटांना जाणवत नाही. लॅपटॉप अडखळला तर मिक्स करताना ५१२, वाजवताना पुन्हा १२८.

पातळी

दोन्ही स्पीकरचा आवाज सारखा करायला पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यांत सारखा भरलेला चाचणीचा खळखळाट), सरासरी उणे २० डीबीएफएस (डिजिटल कमाल पातळीच्या २० डेसिबल खाली), एका वेळी एकच स्पीकर. इंटरफेसचा खटका दोन वाजताच्या जागी, मग स्पीकरचा खटका वाढवत खुर्चीवर फोनच्या ॲपमध्ये ७४ डेसिबल (ॲपच्या सेटिंगमध्ये सी वेटिंग, स्लो). फोनचे ॲप अचूक नसतात, पण दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते सांगतात. दोन्ही खटक्यांवर पांढऱ्या पेनाने खूण. ईक्यूचे आणि मिक्सचे निर्णय याच पातळीवर घ्यायचे. रात्री ६० वर वाजवताना लो कमी ऐकू येतो, तो कानाचा स्वभाव आहे. त्या वेळी लो वाढवून ठेवला तर सकाळी मिक्स चिखल झालेला सापडतो. सुरू करताना आधी लॅपटॉप आणि इंटरफेस, शेवटी स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर.

हातात काय आलं

पातळपणाची तक्रार गेली. वादक आता लो कापत नाही, कारण तो फुगलेला ऐकू येत नाही. A चा उसळा मोकळ्या तारेवर अजून थोडा आहे; तो हेडफोनवर तपासायचा आणि मिक्समध्ये ११० ला हात लावायचा नाही, असा नियम केला. ७० हर्ट्झच्या खाली या जोडीवर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून बॅकिंग ट्रॅकचा किक आणि बेस हेडफोनवरच ठरतो. मोठ्या आवाजात चार इंची वूफर दमतो, पाम म्यूट (तळहाताने दाबून वाजवलेले सूर) मऊ होतात. पण तेवढा आवाज या फ्लॅटमध्ये करायचाच नाही.

पाच इंची जोडीकडे जाण्यासारखी परिस्थिती दोनच : सात तारांची गिटार किंवा बेस घरात आला, किंवा खोली मोठी मिळाली. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून तेव्हा मागवायचा विचार असेल तर आधी वीज इनपुटच्या शेजारची पट्टी वाचून घ्यायची. १००-२४० लिहिलेलं असेल तर फक्त वायर बदलायची. नुसतं १२० असेल तर तो स्पीकर इथल्या २३० वर लावताक्षणी जाईल, आणि जड ट्रान्सफॉर्मर घेऊन तो चालवण्यापेक्षा इथलाच घेतलेला स्वस्त पडतो.